टूलेटचा बोर्ड आणि उतू गेलेलं दूध

मी सरकारी कारकून. सही-शिक्का नसलेल्या कागदावरही माझा विश्वास नाही, तर भुताखेतांवर कुठून असणार? या ग्रुपवरचे भुताचे अनुभव मी बायकोला हसत हसत वाचून दाखवतो. परवा तीच म्हणाली, "आवो, मंग आपलंबी लिवा ना एकदा!" म्हणून लिहितोय. घाबरवणारं काही नाही... दिवे लावून वगैरे बसायची गरज नाही.

आमच्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार तुकडे झाले, त्या वर्षीची गोष्ट. त्याच्या आदल्या वर्षी बसस्टँडच्या मागच्या वस्तीत गिरजाकाकूंच्या घराचा वरचा पोर्शन आम्ही भाड्यानं घेतला होता. दोन खोल्या आणि पुढे गच्ची. काकू मूळच्या बेला गावाकडच्या. काका जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा नागपूरला, खाली त्या एकट्याच. राहायला गेलो त्या दिवशी बायकोनं आधी गॅसवर दूध ठेवून ते उतू जाऊ दिलं आणि मगच सामान आत घेतलं. आमच्या गावात तेलुगू असो की मराठी, नव्या जागेत दूध उतू घातल्याशिवाय कोणी संसार मांडत नाही. भाड्याची असली म्हणून काय झालं?

मी मात्र दुधाच्याही आधी करारनामा केला होता. घर सोडायचं असो की सोडायला लावायचं असो, एक महिना आधी कळवायचं, अशी अट दोघांनाही. काकूंनी सही केली आणि तोंडाला पदर लावून हसत बसल्या.

"काऊन हसता काकू?"

"भाऊ, मी आजवर कोनाले नोटीस देल्ली नाही, अन् कोनाची घेतली नाही. ह्ये घरच सांगते."

त्यांचं म्हणणं असं — भाडेकरू जायचा असला की महिनाभर आधी घरात दूध उतू गेल्याचा वास येतो. करपलेला, गोडसर. चुलीवर काही नसताना! तो वास आला की काकू पलंगाखालचा टूलेटचा पत्र्याचा बोर्ड काढून गेटला अडकवायच्या. बँकवाल्याचं प्रमोशन, उटनूरच्या मास्तरांची बदली, सगळं त्यांना म्हणे असंच कळलं. मी मनात म्हटलं, आपल्याच गेटवर टूलेटचा बोर्ड पाहिल्यावर कोणता शहाणा भाडेकरू थांबेल? वासाचं कशाला नाव घ्यायचं!

पुढच्या वर्षी बायकोला दिवस राहिले. तिला आई नाही, त्यामुळे पहिलं असूनही माहेरी पाठवायची सोय नव्हती. काकूंनीच परस्पर ठरवून टाकलं, "बाळंतपन मी करतो. तुमी फक्त आफिसात जा." मला हायसं वाटलं. आणि नेमकं तेव्हाच ऑफिसात जिल्हे तोडायचं वारं सुरू झालं. दसऱ्याला नवे जिल्हे उघडणार होते. फायलींचे गठ्ठे बांधून कोणते निर्मलला, कोणते मंचिर्यालला, कोणते आसिफाबादला असे ढीग लागले. फायलींचं ठरलं होतं, माणसांचं नव्हतं. रोज नवी अफवा.

बायकोचं एकच म्हणणं, "मले आता इथून हलवू नका." सातवा लागला की बाईनं घर बदलू नये, हे आमच्याकडे लहान पोरही सांगेल. पण ऑर्डर काढणाऱ्याला कोण सांगणार? माझी पंचाईत वेगळीच. आधीच नोटीस द्यावी आणि बदली नाही झाली, तर हातचं घर गेलं. न द्यावी आणि ऑर्डर आली, तर माझीच अट मी मोडली. माझ्याच करारनाम्यानं मला धरलं होतं...

पितृपक्ष लागला होता. एका सकाळी मी सर्दीनं पार बेजार होतो. नाकाला बाम चोळूनही बामाचा वास येत नव्हता, एवढं नाक बंद. आणि एकदम दुधाचा वास आला. उतू गेलेलं, करपलेलं. मी ओरडलो, "अगं, गॅस बंद कर!" बायको मोरीजवळून म्हणाली, "कायचा गॅस? दूधवाला कुठी आला आज?" आणि मग तिनंही श्वास ओढला नि तिथंच थांबली.

मी गच्चीवरून डाव्या-उजव्या घरांत डोकावलो, नालीपर्यंत जाऊन आलो. बाहेर कुठेच वास नव्हता. आत आलं की होता. जिन्यावर काकू उभ्या होत्या, डोळ्यांत पाणी. तशाच खाली गेल्या. दुपारी डबा खायला घरी आलो, तर गेटवर बोर्ड!

मला राग आला, खरं सांगतो. पितृपक्षात कोणी घर पाहायला येत नाही, तेवढे दिवस निभावले. घटस्थापना झाली आणि लोक यायला लागले. बायको भिंतीला टेकून बसलेली, आणि परके लोक नळ सोडून पाहताहेत, बाथरूम उघडताहेत! ती रडायची. मी आसिफाबादेत एक खोलीसुद्धा पाहून ठेवली. हो, मीच... विश्वास नसलेला.

आणि ऑर्डर आली. माझं नाव आदिलाबादेतच! मी पेढे घेऊन थेट काकूंकडे गेलो.

"काकू, बोर्ड काढा. आमी कुठीच जाऊन नाही राह्यलो."

काकूंनी पेढा घेतला, पण बोर्ड काढला नाही. "भाऊ, मी एका मास्तरले शब्द देऊन बसली. अन् घर आजवर खोटं नाही बोललं."

"ऑर्डर सरकारची आहे, काकू!"

"कागदात महिन्याची नोटीस तुमीच लिवली ना? घरानं देल्ली."

माझीच अट माझ्याच डोक्यावर. दोन्हीकडून तोंडं चढली. काकू वर यायच्या त्या फक्त बायकोच्या पायांना तेल लावायला, आणि दोघी मुकाट्यानं रडायच्या. जाणारी आणि धाडणारी, दोघींनाही ते नको होतं.

डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली होती. पण दसऱ्याच्या आदल्या दिवशी, बाहेर बाया बतुकम्मेच्या सणाची फुलं आवरत असताना, बायकोला कळा सुरू झाल्या. काकूच रिक्षात तिला मांडीवर घेऊन बसल्या. इकडे नवा जिल्हा उघडला, तिकडे आमची मुलगी झाली. दोन्ही बाळंतपणं सुखरूप.

दवाखान्यातून आलो तेव्हा काकू आधीच वर जाऊन बसल्या होत्या. दारात भाकर-तुकडा ओवाळला आणि म्हणाल्या, "थांबा. नवीन मानूस हाये, दूध उतू घालू दे." त्यांनी गॅसवर पातेलं ठेवलं. दूध वर आलं, फसफसून उतू गेलं... आणि तोच वास! सर्दीतला, त्या सकाळचा, तस्साच.

काकू पातेल्याकडे पाहत राहिल्या. मग मटकन खाली बसल्या.

"भाऊ... दूध कोन उतू घालते? जानारा का येनारा?"

मी गॅस बंद केला.

"येनाराच ना! मी येडी इतकी वर्सं जानाऱ्याकडंच पाहात रायली. घर सांगे, नवीन कोनी येऊन राह्यलं. मी पाहो, कोन चाललं." आणि मुलीला मांडीवर घेऊन त्या रडल्या, हसल्या, पुन्हा रडल्या. मलाही आवरलं नाही.

संध्याकाळी ते मास्तर जागा पक्की करायला आले. काकूंनी त्यांना गेटवरच बर्फी दिली. "भरली जागा, मास्तर. लई मोठी पार्टी आली."

मुलगी आता शाळेत जाते. आम्ही अजून तिथेच आहोत. बोर्ड गच्चीवरच्या पाण्याच्या ड्रमवर झाकण म्हणून पडलाय, त्यावर ती खडूनं मांजरं काढते. तो वास पुन्हा कधी आला नाही. बंद नाकाला तो कसा आला, हे डॉक्टरांनाही विचारून झालं, आता मी शोधत नाही. एवढं मात्र खरं, की एक महिना आधी कळवायची अट मी मोठ्या हौशीनं घातली होती... आणि आमच्या घरात ती पाळली, ती फक्त या पोरीनं.