साडेनऊचं शटर

जुन्या बाजाराच्या गल्लीत बेचाळीस दुकानं होती आणि बेचाळीस शटरांची दुखणीखुपणी एकट्या मिस्त्रीला ठाऊक होती. कुणाची स्प्रिंग ढिली, कुणाची पट्टी वाकलेली, कुणाचं कुलूप हट्टी. त्याचं स्वतःचं शटर मात्र एका बोटाने वर जाई आणि पायरीवर झोपलेल्या मांजरालाही पत्ता लागत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो इथे नव्हता.

या गोष्टीवर रुसलेलं माणूस एकच. माडीवर खाटेला खिळलेली त्याची बायको.

ती जिन्यावरून पडली आणि कमरेखालचं अंग गेलं, त्याला बरीच वर्षं झाली होती. उताणं पडल्या पडल्या खिडकीतून दिसायचं ते आभाळाचा तुकडा आणि विजेची तार. बाजार तिच्याकडे यायचा तो कानाने. आठला बेकरीचं शटर धाडकन वर जाई. नऊला चष्मेवाल्यांचं, त्यांच्यासारखंच भीत भीत. साडेनऊला कापडवाल्यांचं. ते खर्रर्र करत अर्ध्यावर अडकायचं, दोन झटके खायचं आणि मग धप्पकन वर बसायचं. "आले कापडवाले," म्हणत ती गोळी घ्यायची. कापडवाल्यांनी पंचवीसदा सांगूनही मिस्त्रीने ते शटर कधी धड दुरुस्त केलं नाही, कारण बायकोची तशी सक्त ताकीद होती. त्याने आयुष्यात कामचुकारपणा केला तो एवढाच.

"गल्लीतल्या सगळ्यांचं येणं मला कळतं," ती म्हणायची. "माझ्याच नवऱ्याने दुकान उघडलं की नाही, तेवढं कळत नाही."

"अगं, शटरमिस्त्रीचंच शटर वाजलं तर लोक तोंडात शेण घालतील."

"घालू देत की."

मग गावाबाहेर मोठा रस्ता झाला, रस्त्यावर मोठी दुकानं झाली आणि गल्लीतले लोक माशा मारत बसले. एकेक शटर खाली आलं ते आलंच. वर बायको मोजत होती.

"चष्मेवाले आले नाहीत आज."

"गावाला गेले असतील."

"चार महिने?"

कापडवाले वारले, त्या सकाळी ती दहा वाजेपर्यंत गोळी हातात धरून होती. शेवटी शेवटी बेचाळिसातली अकरा शटरं उघडत होती, आणि ती दिवसदिवस बोलत नसे. माणसाचं बोलणं असं आटत जाताना बघणं फार वाईट.

म्हणून जेव्हा नगरपालिकेने जुना बाजार पुन्हा उभा करायचं ठरवलं, तेव्हा चारचौघांत कधी तोंड न उघडणारा मिस्त्री सभेत सगळ्यांच्या आधी उभा राहिला. त्याने घरोघर फिरून बंद दुकानांच्या वारसांना गाठलं, हातापाया पडून तयार केलं, गंजलेली कुलपं फुकटात उघडून दिली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्याला समाजसेवेचं वेड लागलं. खरं कारण त्याने फक्त माडीवर सांगितलं होतं.

"बेचाळीसच्या बेचाळीस शटरं वाजवून दाखवतो तुला. तू फक्त ऐकत राहा."

काम बघणाऱ्या तरुण ताई मोठमोठी चित्रं घेऊन आल्या. धुतलेल्या दगडी भिंती, पिवळे दिवे, लाकडी चौकटीत काचेचे दरवाजे. सगळे वा वा करत होते आणि मंजुरीला पहिला हात मिस्त्रीचाच वर गेला. चित्राला आवाज नसतो, हे त्या भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही. जुनी शटरं काढायचं कामही त्यानेच मागून घेतलं. दुसरा कुणी वेडंवाकडं कापेल, भिंतींना धक्का लागेल, ही काळजी. सहा आठवडे तो ग्राइंडर चालवत होता. कामाच्या घाईत तो इतका बुडून गेला होता की शटरांच्या जागी बसणारी काच वाजणार नाही, याचा विचार त्याने केलाच नाही.

बाजार उघडला. दुसऱ्या दिवशी दहाला तो जिना दोन दोन पायऱ्या चढत वर गेला.

"मग? कसं वाटलं?"

"काय कसं वाटलं?" ती छताकडे बघत म्हणाली. "कधी उघडणार आहे बाजार?"

"अगं, उघडला की! अडतीस दुकानं उघडलीत!"

"मला नाही हो ऐकू आलं," ती म्हणाली.

मिस्त्रीने खिडकीतून खाली पाहिलं, काचेचे दरवाजे बिनआवाज उघडत होते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तसं त्याने केलं होतं. त्यात त्याचा धंदाही गेला होता, तो आता कुलपं दुरुस्त करणार होता. पण त्याचं त्याला काही वाटलं नाही. बायकोचा बाजार त्याने स्वतःच्या हाताने कापून काढला होता, ते मात्र त्याच्या जिवाला लागलं.

कापडवाल्यांचं शटर तेवढं मागच्या अंगणात पडलं होतं. त्याच्यावर ग्राइंडर फिरवायला हात धजला नव्हता. रुंदी जुळवत दोन दिवस खपून मिस्त्रीने ते आपल्याच दुकानाला बसवलं.

"काका, तुमच्याकडेही काच ठरलीय ना?" ताईंनी विचारलं.

"ताई, एका शटराने तुमचं काय घोडं मारलंय? राहू द्या की."

त्याच्या तोंडाकडे बघून ताईंनी पुढे काही विचारलं नाही.

साडेनऊला त्याने शटर वर ढकललं. खर्रर्र. अडकलं. झटके दिले. धप्प. आणि वरून बायकोने उशाची काठी जमिनीवर आपटल्याचा आवाज आला. तो धावत वर गेला.

"कापडवाले दोन झटक्यांत न्यायचे," ती म्हणाली. "तुम्हाला तीन लागले."

त्याने मान खाली घातली.

"मला फसवायला निघाला होतात?"

"हो."

"अहो, एवढ्या वर्षांत पहिल्यांदा तुमचं दुकान उघडलेलं ऐकलं मी." तिचे डोळे भरून आले होते. "रोज असंच उघडा. तेल घातलंत तर याद राखा."

त्यानंतर दोन वर्षं रोज साडेनऊला शटर खरखरलं आणि वरून काठी एकदा वाजली. समोरच्या कॉफीवाल्या बाई हसायच्या, "काका, मिस्त्री तुम्ही आणि शटर हे असं?" काका पण हसायचे.

एका सकाळी त्याने तिला चहा पाजला, केस विंचरले आणि खाली येऊन शटर वर नेलं. काठी वाजली नाही. डुलकी लागली असेल म्हणून त्याने शटर खाली ओढलं, पुन्हा वर नेलं. मग तिसऱ्यांदा. समोरच्या बाई काच ढकलून बाहेर आल्या.

"अडकलं का हो काका?"

"नाही," तो म्हणाला. त्याने फक्त वर माडीकडे बोट दाखवलं. आधी त्या बाईच वर गेल्या.

पंधरा दिवसांनी दुकान उघडायला तो तेलाचा डबा घेऊनच खाली आला. त्याने खाचा पुसल्या, इतकी वर्षं वाकडी ठेवलेली पट्टी ठोकून सरळ केली, तेल सोडलं. अर्ध्या तासाचं काम. मग एका बोटाने शटर वर गेलं आणि गल्लीत कुणालाही ऐकू आलं नाही. सवयीने तो क्षणभर वर कान लावून थांबला. मग आत जाऊन कुलपं घेऊन बसला.