पौर्णिमेची खीर आणि पाहुण्यांची पंगत

संतपूरच्या फाट्यावर बीदरची बस थांबली तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची पेटी, अर्धं पोतं ज्वारी आणि जुन्या धोतरात गुंडाळलेला भाकरीचा तवा होता. गुलबर्ग्यात ज्वारी मिळत नाही काय, असं कंडक्टरनं विचारलं. मिळते, पण आमच्या रानातली मिळत नाही, असं मी सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पोतं ड्रायव्हरच्या मागं सरकवलं. निरोपाला गल्लीतली पाच-सहा माणसं आली होती. त्यात समोरच्या घरातल्या शांताक्का होत्या. माझी बायको मंगल गेली तेव्हापासून चार वर्षं त्यांच्या चुलीवरच्या दोन भाकरी रोज माझ्या ताटात येत होत्या. बस हलायच्या आत त्या खिडकीशी आल्या आणि म्हणाल्या, "गुरुजी, बुद्धपौर्णिमेच्या खिरीला या. कामून आलो न्हाई ते मी ऐकणार न्हाई." मी म्हणालो, "येतो की. कायमचं थोडंच जायलोय?"

त्याला आता दोन वर्षं झाली. संतपुरात राहिलेल्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारखेच पेटी उचलून पुण्याला, हैदराबादला गेलेल्यांनो, हे तुम्हा दोघांसाठी लिहितोय. त्या दिवशी मी खोटं बोललो नव्हतो. मला खरंच वाटत होतं की मुलीची अडचण आहे, उन्हाळा काढू आणि परत येऊ.

अडचण अशी होती. माझी मुलगी करुणा गुलबर्ग्याला नर्स आहे. जावई हैदराबादला कामाला, महिन्यातून दोनदा येतात. शाळेला सुट्टी लागली की नऊ वर्षांची मैत्री आणि सहा वर्षांचा मिलिंद दिवसभर कुलूपबंद घरात राहणार, मोबाइल बघणार आणि पाकिटं फोडून खाणार. त्यातून मिलिंदच्या अंगात रक्त कमी असल्याचं डॉक्टरांनी सांगितलेलं. ज्वारी-नाचणी द्या, वरण द्या, पालेभाजी, गूळ-शेंगदाणे द्या, पाकिटं बंद करा. करुणानं तो कागद फ्रिजवर चिकटवला, माझ्याकडं बघितलं आणि ड्युटीला गेली.

मी चौतीस वर्षं मराठी शाळेत शिकवलं. पाढे, शुद्धलेखन, कवायत, सगळं घेतलं. पण चुलीपुढं कधी उभा राहिलो नव्हतो. मंगलच्या हातची आंबील मी उभ्या जन्मात किती वाटग्या प्यालो असेन, पण ती होते कशी, हे एकदाही विचारलं नाही. आता साठी उलटल्यावर माझी पहिलीची परीक्षा सुरू झाली आणि बाई होत्या शांताक्का. मी फोन कानाला लावून उभा, त्या पलीकडून सांगणार: पीठ रातच्याला ताकात भिजव... इथं त्या थांबून "भिजवा" म्हणत, कारण मी गुरुजी. पहिल्या आंबिलीत एवढ्या गाठी झाल्या की मिलिंदनं चमचा बुडवून बघितला आणि वाटी सरकवली. "बेडा," म्हणाला. इथली मुलं नको म्हणायला कन्नडमधून बेडा म्हणतात. त्या महिन्यात मी हा शब्द इतक्यांदा ऐकला की माझंच नाव बेडा असल्यासारखं वाटायला लागलं.

हळूहळू मला एक कळलं. मुलांपुढं ठेवलेलं मुलं खात नाहीत, मुलांच्या हातानं झालेलं खातात. वर्गातही हेच होतं की. मग मी दोघांना कामाला लावलं. ज्वारीच्या लाह्या फोडताना मैत्री झाकण घेऊन ढाल धरल्यासारखी उभी राहायची, आणि उडालेल्या लाह्या मिलिंद फरशीवरून वेचून खायचा. कैरी उकडून, गूळ घालून पन्हं केलं आणि करुणानं आणलेल्या कुल्फीच्या साच्यांत ओतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मिलिंदनं तीन खाल्ल्या. काकडी किसून थालीपीठ, ताकात भिजवलेली शिळी भाकरी, वर लसणाची फोडणी. कलिंगडाच्या बिया गॅलरीतून लांब कोण थुंकतो याची स्पर्धाही घेतली, पण ती एकाच दिवशी आटोपली. खालच्या मजल्यावरून वॉचमन तक्रार घेऊन आला. मी पहिला आलो होतो, त्यामुळं खालचं अंगण झाडायला मलाच जावं लागलं.

हे सगळं सांगताना मजा वाटते. पण दुपारी दीडनंतर मुलं कूलरपुढं झोपली की मी गॅलरीत बसायचो. गुलबर्ग्याचं ऊन तुम्हाला ठाऊक आहे. खाली चिटपाखरू नसायचं. आमच्या मजल्यावर चार दारं आहेत. आमचं सोडून बाकी तिन्ही दारांवरची नावं मला पाठ झाली होती, पण त्यातल्या एकाही माणसाशी मी बोललो नव्हतो. जिना चढताना कुणी भेटलं तर "ऊटा आयता?" म्हणजे जेवण झालं का, असं विचारायचं आणि उत्तर ऐकायला थांबायचंही नाही. इथं मला गुरुजी म्हणणारं कुणी नाही. मुलांचा मी अज्जा, करुणाचा अण्णा, आणि बाकीच्यांचा अंकल. कधी कधी मला इतकं एकटं वाटायचं की फोन लावून शांताक्कांना उगाच विचारायचो, मीठ आधी घालायचं का मागून.

पहिल्या वर्षी पौर्णिमेला जाता आलं नाही. मिलिंदला ताप होता. त्या दिवशी मी मुलांना संतपूरच्या खिरीची गोष्ट सांगितली. आपल्या गल्लीची रीत तुम्हाला सांगायची गरज नाही, पण दुसऱ्या गावच्या लोकांना खरी वाटत नाही. विहारापुढं एक मोठी डेग ठेवलेली असते. प्रत्येक घरानं आपापली खीर करून आणायची आणि त्या एकाच डेगीत ओतायची. कुणाची गव्हाची, कुणाची तांदळाची, कुणाची शेवयांची, शांताक्कांची राळ्याची. कुणाची गुळाची, कुणाची साखरेची, कुणाची जरा करपलेली. सगळी ढवळून एक करायची आणि द्रोणात वाढायची. आपली खीर कोणती हे कुणालाच ओळखता येत नाही. ती चव कुठल्याच एका घरात होत नाही. करुणाच्या स्वयंपाकघरात मी तीनदा प्रयत्न केला, गहू-तांदूळ-शेवया एकत्र शिजवून बघितल्या. गोड लापशी झाली, बाकी काही नाही.

दुसऱ्या वर्षी करुणाला रजा मिळाली नाही. या वर्षी मात्र जायचंच, असं मी ठरवलं. आणि मुलं नुसती बघायला येणार नव्हती. मंगल उन्हाळ्यात पोरीबाळींना घेऊन नखुले करायची. कणकेचा बारीक गोळा घ्यायचा, अंगठ्याच्या नखानं दाबून उचलायचा, शिंपल्यासारखा वळतो. वाळवून ठेवले की खिरीला होतात. गल्लीत नखुल्यांची खीर आमच्याच घरून जायची. ते मुलांनी करायचे आणि आपलं पातेलं यंदा पुन्हा डेगीत जायचं. मी शहाणपणा करून पहिलं पीठ ज्वारीचं घेतलं, डॉक्टरांचा कागद डोळ्यांपुढं होता ना. एकही वळेना, सगळा भुगा. फोनवर शांताक्का खूप हसल्या. जन्मभर भाकरी थापताना बघितली आणि ज्वारीला चिकटा नसतो हे कळलं नाही, आता नथ घालून चुलीपुढंच बसा, म्हणाल्या. मग गव्हाचं पीठ दुधात भिजवलं. आठ दिवस रोज दुपारी गॅलरीत पेपर पसरून आम्ही तिघं नखुले वळत होतो. मिलिंदचे एवढाले मोठे, मैत्रीचे एकसारखे. त्या आठ दिवसांत दुपारचं मला कुणाला फोन करावासा वाटला नाही.

करुणानं दोन दिवसांची रजा काढली. बीदरला बस बदलून आम्ही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी संतपूरला पोचलो. कुलूप गंजलं होतं, तेल घालून उघडलं. मैत्रीनं अंगण झाडलं, करुणानं भिंतीवरची कोळ्याची जाळी काढली. सकाळी मी माझी चूल पेटवली. दोन वर्षांनी त्या घरातून धूर निघाला आणि मला उगाच डोळे पुसावे लागले. धुराचं निमित्त चांगलं होतं. दूध, गूळ, वेलदोडे, वर खोबऱ्याचा कीस. खीर छान झाली. धुतलेल्या पांढऱ्या कपड्यांत आम्ही चौघं विहाराकडं निघालो. पातेल्याचा एक कान माझ्या हातात, दुसरा मैत्रीच्या, आणि मिलिंद पुढं वाट करत.

डेगीपाशी पळी घेऊन शांताक्काच उभ्या होत्या. मला बघून चेहरा फुलला, मुलांचे गाल कुरवाळले. मग त्यांची नजर पातेल्याकडं गेली. मी फोनवर खिरीबद्दल सगळं बोललो होतो, पण ती डेगीत ओतायची असं कधी बोललो नव्हतो. त्यात सांगायचं काय, असं मला वाटलं होतं. मी पातेलं उचललं तशी त्यांनी पळी आडवी धरली.

"गुरुजी, तुमी पाव्हणे आता," त्या खाली बघत म्हणाल्या. "पाव्हण्यांची पंगत तिकडं बसायलीय."

मला आधी समजलंच नाही. मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

"नियम तुमीच लावलेला हाय. मी मोडू काय?"

व्हय, मीच लावला होता. बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. बाहेरगावी गेलेले लोक पौर्णिमेला यायचे आणि काजू-बदाम-केशर घातलेली खीर मोठ्या भांड्यातून आणायचे. एका वर्षी दोन-तीन घरच्या बाया आपली पातळ गुळाची खीर पदराखाली झाकून माघारी गेलेल्या मी बघितल्या. मला राग आला. मी सगळ्यांपुढं उभं राहून सांगितलं की ज्याची चूल वर्षभर या गल्लीत पेटली त्यानंच डेगीत ओतायचं. बाहेरगावचे आपले पाहुणे, त्यांना पहिल्या पंगतीला मानानं वाढू, पण त्यांचं भांडं नको. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्याच वर्षी एक नवी लग्न झालेली मुलगी सासरहून स्टीलचा डबा घेऊन आली होती. नियम सगळ्यांना सारखा म्हणून मी तिलाही थांबवलं. ती करुणा होती. त्याबद्दल ती मला कधी काही बोलली नाही, आणि खरं सांगायचं तर मी ते विसरूनही गेलो होतो.

पातेलं हातात घेऊन मी तसाच उभा होतो. मागं लोक आपापली भांडी घेऊन खोळंबले होते. करुणानं माझ्या हातातून पातेल्याचा कान सोडवून घेतला.

"बसा अण्णा," ती म्हणाली. "मी पण बसले होते त्या वर्षी."

आम्ही पाहुण्यांच्या पंगतीत बसलो. आम्हाला सगळ्यांच्या आधी वाढलं. ज्या पोरांना मी बाराखडी शिकवली तीच आता मोठी होऊन कमरेत वाकून "अजून घ्या गुरुजी" म्हणत होती. खीर तीच होती. घास तोंडात गेला आणि मला कळलं की दोन वर्षं मी याच चवीसाठी तळमळत होतो. आणि कळलं की त्यात मी नाही. मिलिंदनं चार द्रोण खाल्ले, एकदाही बेडा म्हणाला नाही. यात आपले नखुले आहेत का, असं त्यानं विचारलं. नाहीत, म्हणालो. मग कुणाची खीर आहे यात, म्हणाला. सगळ्यांची, म्हणालो. 

आमची खीर आम्ही घरी नेली आणि उंबऱ्यावर बसून चौघांनी संपवली. चांगली झाली होती.

शांताक्का, माझा तुमच्यावर राग नाही. तुम्ही वाकला असतात तर तो नियम कुणालाच उरला नसता, हे मला कळतं. तरी परतीच्या बसमध्ये बीदरपर्यंत एकच गोष्ट मनात घोळत होती. ज्या घराची पट्टी आजही मीच भरतो, ज्याच्या भिंती माझ्या हातच्या, तिथं मी पाहुणा झालो, आणि मला ते कुणी कळवलंही नव्हतं.

गुलबर्ग्याला आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी करुणाची सकाळची ड्युटी होती. तिचा डबा भरला. मुलांना ज्वारीची भाकरी, मेथीचं वरण, काकडी वाढली. मैत्रीनं अर्धी भाकरी जास्त मागितली. मिलिंदला ताकाचा दुसरा ग्लास दिला. मुलं उठून गेली तेव्हा टोपल्यात एक चतकोर भाकरी होती आणि वरण पातेल्याच्या बुडाशी चिकटलेलं. मी ते भाकरीनं पुसून घेत ओट्यापाशी उभ्या-उभ्या खायला लागलो आणि मला मंगल आठवली. ती आयुष्यभर अशीच खायची. सगळ्यांचं झाल्यावर, उरलेलं, उभ्या-उभ्या. मी तिला नेहमी म्हणायचो, अगं बस की, जरा बसून खा. ती म्हणायची, बसून पाव्हणे खातेत.

मी उरलेलं वरण पुसलं, भांडं धुतलं आणि संध्याकाळसाठी डाळ भिजत घातली.