बाईंची तिसरी ताटली

बाईंना चांगली बातमी सांगायची सोय नव्हती. कुणी हरखून काही सांगायला गेलं की त्या चष्मा कपाळावर ढकलून विचारायच्या, "आणि दुसऱ्या ताटलीत?" प्रयोगात एका ताटलीतल्या पेशींना औषध घालायचं, दुसरीतल्यांना नाही, बाकी सगळं सारखं ठेवायचं, तेव्हा कुठं औषधानं काय केलं ते कळतं. लॅबमध्ये हे ठीक होतं. पण बाई चांदे गावात आमच्याच घरी वरच्या खोलीत भाड्यानं राहायच्या आणि जेवायलाही आमच्यात असायच्या. एकदा माझे वडील, अप्पा, म्हणाले, "औंदा खत बदललं, भात लई जोमात हाय." बाई म्हणाल्या, "आणि जुनं खत घातलेल्या खाचरात?" "तितं बी बराच हाय म्हणा." "पाणी दोन्हीकडं सारखंच होतं?" अप्पा म्हणाले, "बाई, तुमी आमटी वाढून घ्या."

अप्पांनी खोल्या बांधल्या होत्या त्या हिंजवडीतल्या कंपन्यांच्या पोरांसाठी. त्यांच्यात ही एकटी, पन्नाशी उलटलेली, जवळच्या एका संशोधन संस्थेत पेशी वाढवणारी बाई. पुण्यात छान फ्लॅट मिळत असताना त्या इथं राहिल्या, कारण पेशींना रविवार कळत नाही आणि भाऊबीजही कळत नाही. त्या ज्या गुलाबी द्रवात वाढतात तो वेळच्या वेळी बदलावाच लागतो. बाई परतल्या की आई विचारायची, "लेकरांनी खाल्लं का?" "खाल्लं," बाई गंभीरपणे सांगायच्या, "आता मला वाढा."

मी बायोटेक शिकले आणि त्यांच्याच हाताखाली लागले. पहिल्या दिवशी त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं. आधी गुबगुबीत दिसणाऱ्या पेशी औषध घातल्यावर हळूहळू बारीक लांब तंतू काढतात, शेजारणीला जाऊन भिडतात, अगदी मेंदूतल्या पेशींसारख्या दिसायला लागतात. "ह्या एका लहान मुलीच्या कॅन्सरच्या गाठीतून आल्यात," बाई म्हणाल्या. "ती केव्हाच गेली. तेव्हा हात जपून." द्रव जोरात ओतला तर पेशी सुटून वाहून जातात. मी ओतायला लागले की बाई माझ्या मनगटाखाली आपलं बोट धरायच्या.

बाईंचं नाव होतं ते एकाच कामामुळं. पेशीच्या आत निरोप पोचवणारी प्रथिनं असतात. पेशी बदलायला लागली की त्यातली काही वाढतात, काही घटतात. त्यातलं एक विशिष्ट प्रथिन आधी घटतं आणि मगच तंतू फुटतात, असं बाईंनी दाखवलं होतं. "आधी पेशी गप्प होते," त्या सांगायच्या, "मग हात पुढं करते." सांगताना स्वतःचाच हात पुढं करायच्या. परदेशातले लोक त्यांचा दाखला द्यायचे. बाईंना ना संसार, ना स्वतःचं घर; होतं ते एवढंच, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. का नसावा?

मग बाईंना स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला, तोही उशिरा. जिना चढवेना म्हणून आईनं त्यांना खालच्या खोलीत आणलं. अकोल्याचे भाऊ न्यायला येणार होते. जायच्या आधी बाईंना एकच हवं होतं: ते जुनं काम नव्या, जास्त नेमक्या पद्धतीनं पुन्हा करून बघायचं, म्हणजे मागं कुणाला शंका नको. मी ते करायला घेतलं आणि लॅबमधून त्यांना फोन लावला. "बाई, औषधाच्या ताटलीत सीरम कमी घालतेय. दुसरीत किती घालू?" सीरम म्हणजे पेशींचं खाणं, ते कमी केल्याशिवाय त्या नीट बदलत नाहीत. "दुसरीत पूर्ण," बाई सवयीनं म्हणाल्या, आणि मग स्वतःलाच विचारल्यासारखं, "म्हणजे खाणं दोन्हीकडं सारखं नाही?"

त्यांच्या गुरूंच्या लॅबची ती रीतच होती. साध्या पेशींना पोटभर, बदलणाऱ्यांना अर्धपोटी. सगळे तसंच करत आले, म्हणून कुणी विचारलं नाही. अख्ख्या चांद्याला विचारणाऱ्या बाईंनी स्वतःला तेवढं आजवर विचारलं नव्हतं. "कांचन," त्या फोनवर म्हणाल्या, "तिसरी ताटली लाव. औषध नाही, आणि खाणं कमी." मी म्हटलं, "राहू द्या ना बाई. ह्या दुखण्यात कशाला?" त्या म्हणाल्या, "लाव."

मी काही नवस बोलणाऱ्यातली नाही. पण त्या दिवसांत लॅबच्या दारात चपला काढताना हात जोडायचे, की तिसऱ्या ताटलीत ते प्रथिन घटू नये. शेवटी प्रथिनाच्या चाचणीत पट्ट्या उमटल्या. प्रथिन जितकं जास्त, तितकी पट्टी काळी. पोटभर खाल्लेल्यांची काळीभोर आली, औषधवाल्यांची फिकी. आणि नुसत्या अर्धपोटी ठेवलेल्यांची, ज्यांना एकही तंतू फुटला नव्हता त्यांचीही, तितकीच फिकी. म्हणजे तंतूंशी त्याचा काही संबंध नव्हता. पेशी भुकेनं गप्प होत होत्या. मी पुन्हा केलं, पुन्हा तेच आलं. मला इतका संताप आला की सगळ्या ताटल्या उचलून आपटाव्यात असं वाटलं.

भाऊ गाडी घेऊन आले त्या सकाळी बाई अंगणात खुर्चीवर बसल्या होत्या. आईनं इंद्रायणी तांदळाची पिशवी गाडीत ठेवली. बाईंनी माझ्याकडं पाहिलं. "तिसरीचं आलं?" "आलं," मी म्हटलं. आईला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी तिनं मला डोळ्यांनी खुणावलं, चांगलं सांग म्हणून. सांगता आलं असतं. बाई काय तपासायला येणार होत्या? पण त्यांच्यासमोर ते तोंडातून निघेना. म्हटलं, "तिसरीतही तितकंच घटलंय, बाई."

"पुन्हा केलंस?"

"केलं."

त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसत बसल्या. "मग ते काम ज्यात छापलं होतं त्या मासिकाला तसं कळव. माझ्या नावानं." भावांनी हात धरून त्यांना उठवलं. गाडीत बसताना बाई रडायला लागल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना रडताना पाहिलं नव्हतं. "फार सुंदर होतं गं ते," त्या म्हणाल्या.

बाई अकोल्यातच वारल्या. मी लिहिलेलं ते निवेदन त्यानंतर छापून आलं. संस्थेत कुणीतरी म्हणालं, मॅडमनी केवढा प्रामाणिकपणा दाखवला. माझं डोकंच फिरलं. प्रामाणिक त्या होत्याच हो, ते काय आज कळलं? मला त्या बरोबर ठरायला हव्या होत्या.

घरी आईनं विचारलं, "बाईंचं नाव छापून आलं म्हणं. काय लिवलंय?"

"त्या चुकल्या होत्या, असं."

"आन् ते तू लिवलंस?"

"हो."

आई उठून आत गेली. त्या दिवशी ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. मी तिला समजवायला गेले नाही. काय समजावणार? ते माझ्या हातून लिहिलं जायला नको होतं, असं मलाही वाटत होतं.