परण्यातला आखूड कोट

"घागरा?" बिभीषणराव वाघमोडे किंचाळले आणि बशीतला चहा इस्त्रीच्या पांढऱ्याशुभ्र शर्टावर सांडला.

मोबाइलवर त्यांची लेक सुकन्या तिकडं एडिंबरात बसून हसत होती. "घागरा नाही हो पप्पा, किल्ट! कॅलमच्या घराण्याचा पोशाख आहे तो. त्यांच्याकडं नवरदेव तोच घालतो."

"आणि त्याच्या खाली?"

"लोकरीचे मोजे. पोटरीपर्यंत."

"आन् गुडघं?"

"गुडघे उघडे."

बिभीषणरावांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि पंख्याखाली जाऊन बसले. शकुंतलाबाईंनी पंखा पाचवर केला. तरी घाम थांबेना.

आता, जुळे सोलापुरात कुणालाही विचारा, बिभीषणराव म्हणजे फुलपँट. दूध आणायला फुलपँट, कचरा टाकायला फुलपँट, भूकंप झाला असता तर आधी पट्टा लावून मगच बाहेर आले असते. सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, पण कचेरी काही जिभेवरून उठली नाही. "सदर आमटीत मीठ कमी असल्याचे निदर्शनास येते," असं ते जेवताना म्हणायचे आणि शकुंतलाबाई मिठाची बरणी सरकवत म्हणायच्या, "घ्या, मंजूर." फक्त धक्का बसला की ही सगळी सदर-निदर्शनं गळून पडायची आणि तोंडातून सांगोल्याचं माळरान बाहेर यायचं.

तिकडच्याच माळावर त्यांचे वडील धुळा मेंढरं राखायचे. शिकायला म्हणून बिभीषणला सोलापूरच्या वसतिगृहात ठेवलं, तेव्हा पोरगं आखूड चड्डीत आणि खांद्यावर घोंगडं टाकून आलं होतं. घोंगड्याला मेंढरांचा वास. पहिल्याच रात्री कुणीतरी कोपऱ्यातून "ब्याँऽऽ" केलं आणि मग वर्षभर तो जिथं जाईल तिथं "ब्याँऽऽ". जेवायला गेला, ब्याँऽऽ. फळ्यापाशी गेला, ब्याँऽऽ. पुढं कधीतरी फुलपँट मिळाली. त्यानंतर त्या गुडघ्यांना ऊन म्हणून दिसलं नाही.

आणि आता जावईच गुडघे घेऊन येणार होता!

त्यातून परण्याची रीत. लग्नाच्या दिवशी नवरदेव वाजतगाजत मारुतीच्या देवळात येतो, तिथं मुलीचा बाप चारचौघांत त्याला नवा पोशाख चढवतो आणि मग घोड्यावरून तो मांडवात जातो. सुकन्याला ही रीत हवीच होती. "किल्ट त्याची आहे पप्पा. तुम्ही फक्त वरचं जाकीट करा. ट्वीडचं, त्या जाड लोकरी कापडाचं. तुम्ही निवडाल ते. तो म्हणतोय, सासऱ्यानं दिलेलंच घालणार." मग जरा थांबून म्हणाली, "आखूड हां. कमरेच्या जरासं खाली, बास."

नवी पेठेतल्या कापडवाल्यानं "ट्वीड" ऐकून आधी बाहेरच्या उन्हाकडं बघितलं, मग बिभीषणरावांकडं. "साहेब, एप्रिलमधी? कॉटन दावू का? लिनन?"

"सदर लग्न एप्रिलमध्येच आहे, आणि ट्वीडच पाहिजे."

"अरे, वरचा माल काढ रे! साहेब, एक नंबर हाय. फॉरेन. हात लावा, हात लावा की."

तीन तागे धडाधड उलगडले. एक राखाडी चौकड्यांचा, एक शेवाळी, एक तपकिरी, त्यात मधेमधे पांढरे-काळे ठिपके. बिभीषणरावांनी तपकिरीवर हात ठेवला आणि झटक्यानं मागं घेतला. खरबरीत. तस्संच. पुन्हा ठेवला. दुकानदार दुसरीकडं बघतोय असं पाहून खाली वाकले आणि हळूच वास घेतला.

"आयला, ह्ये तर घोंगडं हाय!"

"घोंगडं कसलं साहेब, विलायती हाय!"

जे कापड खांद्यावरून उतरवायला जन्म गेला, ते पॉलिश केलेल्या काउंटरवर ऐटीत पसरलं होतं. बिभीषणराव हादरलेच. राखाडी बघितलं, शेवाळी बघितलं, दोन्हीला नाकं मुरडली. शेवटी बोट तपकिरीवरच गेलं. का, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

शिंपी धोंडप्पा अक्कलकोटचा. तोंडात टाचण्या धरूनच बोलायचा. सुकन्यानं पाठवलेली मापं बघून म्हणाला, "हे कोट आखूड होतंय की सर. बरोबर हाय?"

"नाही. लांबी पोटरीपर्यंत घ्यायची."

टाचणी पडली. "पोटरी? येवढं लांब कोट कोण घालतंय सर? बसस्टँडवर उभं ऱ्हायलं तर भिंत समजून पोस्टर चिकटवतील बगा त्याच्यावर."

"आणि बटणं खालपर्यंत."

"देवा! मुलगी काय म्हणंल?"

"धोंडप्पा," बिभीषणरावांचा आवाज एकदम खाली आला, "सगळी भावकी येनार हाय. पोरगं परक्या मुलखातनं येतंय. त्याला कुनी हासलं तर लेकीला जन्मभर ऐकू येतं रं त्ये. मला ठावं हाय."

धोंडप्पानं टाचणी उचलली आणि गुमान पोटरीवर खूण केली.

लग्नाच्या दिवशी मारुतीच्या देवळापुढं ही गर्दी! कॅलम आला. ताडमाड उंच, पांढरा शर्ट, कमरेला लाल-हिरव्या चौकड्यांची किल्ट, खाली मोजे, आणि मधे दोन गुलाबी गुडघे. बँडवाल्याच्या तोंडातला सूरच लांबला. पोरींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. बिभीषणराव घाईघाईनं पुढं झाले, कोट चढवला आणि वरपासून खालपर्यंत एकेक बटण लावत गेले. पोटरीपाशी पोचून मागं सरले.

आणि मग त्यांना दिसलं.

किल्ट गायब. राहिला तो एक भलामोठा कोट आणि त्याच्याखाली नुसते मोजे.

"आरं, पावण्यानं खाली काय घातलंच न्हाय की!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "न्हाणीतनंच आणलाय व्हय रं?" आणि मग जे हसू फुटलं ते मारुतीच्या कळसापर्यंत गेलं. बिभीषणरावांना ते ओळखीचं होतं. वसतिगृहातलंच, फक्त तोंडं नवी.

कॅलमला काही कळलं नाही. भाजलेल्या वांग्यासारखा झाला होता बिचारा, घाम नाकावरून गळत होता, तरी कोटावरून हात फिरवून पाठ केलेलं म्हणाला, "खूप छान, पप्पा. थँक यू."

पाठीमागं सुकन्या उभी होती. परण्याला नवरीनं यायचं नसतं, तरी आली होती. तिला कळलं होतं. ती बापाकडं बघत होती.

तेवढ्यात गोजाआत्या, धुळाची थोरली बहीण, काठी आपटत पुढं आल्या. "बिभ्या! ह्यो कोट हाय का पोतं?"

"आत्या, गुडघं झाकाय नकोत व्हय?"

"का? रोग झालाय गुडघ्यांना? माजा धुळा जन्मभर धोतार वर खोचून, खांद्यावर घोंगडं टाकून हिंडला. असाच बोहल्यावर चडला. तवा कुनाची टाप न्हवती हासायची. सोड त्या पोराला. उकडून मरंल!"

बिभीषणरावांनी घामेजलेल्या कॅलमकडं बघितलं. मग ओरडले, "धोंडप्पा! कात्री!"

ऐनवेळी बटण तुटलं तर म्हणून धोंडप्पा पिशवी घेऊनच आला होता. "सर, अस्तर हाय आत. फाटंल. शिवण उसवंल."

"काप."

"सर, देवळापुढं..."

"काप की रं! कमरंच्या जरा खाली, बास!"

कर्रर्र. कात्री गोल फिरली. दोरे लोंबले, अस्तर डोकावलं, आणि खालून लाल-हिरव्या चौकड्या मोकळ्या झाल्या. सुकन्यानं ओढणी डोळ्याला लावली, हसत होती की काय, कोण जाणे. कॅलमनं मोठ्ठा श्वास घेतला.

कापलेला तुकडा बिभीषणरावांनी उचलला, झटकला आणि आपल्या खांद्यावर टाकला. मग घोड्याचा लगाम स्वतःच हातात घेतला. "चला, बसवा पावण्याला!"

"पप्पा," सुकन्या कानाशी पुटपुटली, "किल्टमध्ये घोड्यावर कसा..."

पण कॅलमनं टांग टाकली होती. मागं शे-दीडशे बायकामाणसांचा एकदमच आवाज झाला, "अगं बाई बाई बाई!"

बिभीषणरावांचा खांदा हलला, पण मान वळली नाही. त्यांनी लगाम ओढला आणि बँडवाल्याला दरडावलं, "वाजीव की!"