धान्याच्या गाड्या

मुलगी कॉम्प्युटरवर लढाईचा खेळ खेळत होती. समोर अफाट फौज, हिच्याकडे मूठभर तिरंदाज. ती फौजेला भिडतच नव्हती. मागून येणाऱ्या धान्याच्या गाड्या जाळायची आणि डोंगरात पसार व्हायची.

"अगं, सोड आता. हरणारच आहेस," मी म्हणालो.

"हरेन ना. पण फुकट नाही, बाबा."

खरंच, मोठ्या फौजेची भूकही मोठी, म्हणून तिला घाई असते. थोड्यांना वाट बघणं परवडतं.

उद्या सोसायटीची सभा. मुलांचं मैदान पार्किंगला द्यायला विरोध करणारे आम्ही तिघंच, म्हणून मी जाणारच नव्हतो.

पडद्यावरची फौज अजून हटली नव्हती. पण पुढेही सरकली नव्हती.

मी उरलेल्या दोघांना फोन लावला. "उद्या सभेला डबा घेऊन या. आळीपाळीने बोलत राहू; जेवायची वेळ टळून गेल्याशिवाय मतदान होऊ द्यायचं नाही."