परतीची वायर

खांद्याच्या ऑपरेशननंतर यांनी काल पहिल्यांदाच हातात पाना घेतला. आमच्या जुन्या मोटरसायकलला धुक्यासाठी जादा दिवे बसवायचे होते. पार्किंगमध्ये मी स्टुलावर बसून चिकटपट्टी कापून देत होते. यांनी बॅटरीपासून वायर नेली, मध्ये फ्यूज घातला, हँडलवर बटण लावलं. दाबलं, तर काहीच नाही. चेहरा पडला. "पूर्वीसारखं जमत नाही आता," म्हणाले.

पण पुन्हा वाकून पाहिलं आणि एकदम हसू लागले. "अगं, अर्थिंगची वायर रंगावरच आवळलीय मी!"

रंगातून वीज जात नाही, म्हणून फ्रेमवरचा थोडा रंग खरवडून त्यांनी ती उघड्या लोखंडावर घट्ट बसवली. वीज नुसती दिव्यापर्यंत पोचून भागत नाही, तिला परतायलाही वाट लागते. इतके दिवस घरात गप्प बसलेला माझा माणूसही त्याच वाटेने परत येतोय, असं मला वाटलं.

बटण दाबताच समोरच्या भिंतीवर पिवळाधमक उजेड पडला. आम्ही दोघं बघतच राहिलो.

भाजी घेऊन आलेल्या वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं, "अहो, भर दुपारी दिवे कशाला?"

"लागले म्हणून!" हे म्हणाले.