सायकलीचा सोपा प्रश्न

इंग्रजी सुधारायच्या टिप्स देणाऱ्यांनो, आज नका देऊ.

मुंबईत एका हॉस्पिटलच्या रिसेप्शनच्या नोकरीसाठी आज इंग्रजी बोलायची टेस्ट होती. विषय निघाला सायकल. मनात म्हटलं, सुटले!

मॅडमनी विचारलं, "तुझ्याकडे सायकल आहे?" म्हटलं, आहे.

"चालवायला आवडते?" म्हटलं, चालवता येत नाही.

त्या हसल्या. मला प्रश्नच कळला नाही असं वाटून त्यांनी तो हळू, एकेक शब्द सुटा करून पुन्हा विचारला.

अहो, मला पहिल्या वेळीच कळला होता!

आमचा पाडा भातसा धरणाच्या वरच्या डोंगरात. आठवीत शाळेतून सायकल मिळाली, तेव्हापासून तिला पाण्याचे कॅन लटकतात. पाड्यावरची विहीर आटली की मी आणि आई सायकल लांबच्या विहिरीपर्यंत ढकलत नेतो. तिच्यावर कधी कोणी बसलंच नाही. शाळेत मी चालत गेले.

हे इंग्रजीत सांगताना माझा घसा सुकला. मॅडमनी मायेनं ग्लास पुढे केला. पाणी आमच्याच धरणाचं.

शेरा मिळाला, 'प्रश्न समजत नाहीत.'

घरी आले तेव्हा आई सायकलीला कॅन बांधत होती.

"काय इचारलं गो?"

"सायकलीचं."

"मंग सोप्पंच होतं की! नाय आलं तुला?"

इंग्रजी राहू दे, मला तिला मराठीतही सांगता आलं नाही. तुम्हाला आलं असतं?